ग्रीस, रोम आणि मिरजेचा मालधक्का

संपादकांचे पत्र आले की, माजी विद्यार्थी या नात्याने आपल्या शाळेच्या वार्षिकांकासाठी आम्ही एखादा लेख द्यावा. विषय आमच्यावरच सोपविला होता. मात्र "मुलांनी पुढे काय शिकावे ह्याविषयी चार शब्द लिहिलेत तर पालकांसही उपयोग होईल," अशी पुस्ती शेवटी जोडलेली होती. ती वाचून आम्हांस हसू आले. ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आमच्याहून अपात्र मनुष्य शाळेच्या जुन्या नोंदपुस्तकांत सापडणे कठीण. आम्ही जे शिकलो ते शिकून कोणाचे घर चालल्याचे आमच्या गावात कोणी ऐकले नव्हते. आम्ही प्राचीन ग्रीक व रोमन लोकांची संस्कृती शिकलो, आणि तीही अमेरिकेत जाऊन, कर्ज काढून शिकलो. ते कर्ज आमच्या वडिलांनी काढले होते. तेव्हा उपदेश करण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. जे घडले तेवढे सांगतो.

आमचे वडील, त्यांस घरात सारेच अण्णा म्हणत, मिरज जंक्शनच्या मालधक्क्यावर मालबाबू होते. त्या काळी मिरजेस तीन मापांचे रूळ येऊन मिळत: पुणे व कोल्हापूरकडील रुंद, लोंढ्याकडील मीटर मापाचा, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडील अरुंद. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चालत नाही. त्यामुळे पोते न् पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावे लागे. किती उतरले, किती भरले, किती फाटले, किती भिजले आणि किती वाटेतच नाहीसे झाले, हे लिहून ठेवणे हे अण्णांचे काम. रात्री जेवणे झाली म्हणजे ते ओसरीवर डोळे मिटून बसत. आम्हां मुलांस वाटे की ते देवाचे नाव घेत आहेत. पुढे कळले की ते दिवसाचा गोषवारा मनातल्या मनात पुन्हा जमवीत असत, आणि तो जमेपर्यंत त्यांस झोप येत नसे.

आम्हांस गणितात बरे गुण पडत. बारावीनंतर त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी पुष्कळ खटपट करून न्यू इंग्लंडमधील एका लहानशा कॉलेजाची शिष्यवृत्ती आम्हांस मिळवून दिली. तीत फी, राहणे व जेवण एवढे भागत होते. विमानाचे भाडे व किरकोळ खर्च आमचा आम्ही करावयाचा होता. अण्णांनी नोकरांच्या पतपेढीतून कर्ज घेतले, आणि ते पुरेना म्हणून आमच्या धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी बाजूस ठेवलेली रक्कमही मोडली. मोबदल्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली. अर्थशास्त्र शिकून यावे आणि एखाद्या बँकेत अधिकारी व्हावे. आम्ही हो म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. १९८९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही निघालो तेव्हा स्टेशनावर अण्णांनी आमच्या ट्रंकेचे वजन स्वतः करून पावती आमच्या खिशात घातली होती.

तिकडील शिक्षणाची रीत येथल्या पालकांस थोडी सांगितली पाहिजे, नाही तर पुढील घोटाळा कसा झाला ते समजणार नाही. त्या प्रकारच्या कॉलेजांत 'लिबरल आर्ट्स' नावाचा अभ्यासक्रम असतो. विद्यार्थ्याने पहिली दोन वर्षे निरनिराळ्या विद्यांची चव घ्यावयाची, आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मुख्य विषय ठरवावयाचा. गणित शिकणाऱ्यासही थोडा इतिहास व थोडे काव्य वाचावेच लागते. हे नाव मुळात रोमन लोकांचे. जो गुलाम नाही, अशा स्वतंत्र मनुष्यास शोभणाऱ्या विद्या, असा त्याचा अर्थ. प्रथम ऐकले तेव्हा आम्हांस ते फार भारदस्त वाटले. रोममध्ये हिशेब लिहिणे व दप्तर सांभाळणे ही कामे पुष्कळदा गुलामांकडे असत, हे मागाहून वाचले. म्हणजे आमच्या अण्णांची विद्या त्या यादीत नव्हती. ही गोष्ट आम्हांस कित्येक दिवस डाचत राहिली.

इतिहासाचा एक विषय घेणे भाग होते. सोयीच्या वेळेचे वर्ग भरून गेले होते, म्हणून सकाळी आठ वाजताच्या ग्रीक-रोमन संस्कृतीच्या वर्गात आम्ही नाव घातले. विद्येची ओढ वगैरे काही नव्हती. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत अर्धा वर्ग पेंगत असलेला, अशा स्थितीत एके दिवशी प्राध्यापकांनी थ्यूसिडिडिसच्या इतिहासातील मिटिलीनी नगरीची हकीकत काढली.

ती हकीकत अशी. अथेन्स व स्पार्टा ह्यांचे युद्ध इ. स. पूर्व ४३१ मध्ये जुंपले. मिटिलीनी हे लेस्बॉस बेटावरील शहर अथेन्सच्या बाजूचे. पण त्याने बंड केले, आणि इ. स. पूर्व ४२७ मध्ये ते शरण आले. अथेन्सच्या नागरिकांची सभा भरली. लोक रागावलेले होते. तेथील एकूण एक प्रौढ पुरुष मारावे व बायकामुले गुलाम करून विकावी, असा ठराव झाला, आणि तो कळविण्यास जहाज रवाना झाले. रात्र गेली. सकाळी लोकांस आपल्याच ठरावाची लाज वाटू लागली. सभा पुन्हा भरली. क्लिऑन नावाचा पुढारी म्हणाला की, एकदा केलेला ठराव फिरविणारे राज्य टिकत नाही. डायोडोटस नावाच्या गृहस्थाने उलट बाजू मांडली. आम्हांस वाटले होते की तो आता दयेची भाषा बोलेल. तो दयेविषयी बोललाच नाही. सर्वांस मारले तर पुढच्या वेळी बंड करणारे शहर शेवटच्या माणसापर्यंत लढेल, मग कर कोणाकडून घ्याल, असा त्याने हिशेब मांडला. हात वर झाले. थोडक्या मतांनी डायोडोटसचे म्हणणे मान्य झाले.

परंतु पहिले जहाज एक दिवस व एक रात्र पुढे गेले होते. दुसरे जहाज सोडले. वल्हेकऱ्यांनी वल्ही हातातून न ठेवता मद्य व तेलात कालविलेले सातूचे पीठ खाल्ले, आणि पाळीपाळीने झोप घेतली. सुदैवाने वारा आडवा आला नाही. पहिल्या जहाजावरील लोक त्या अमंगळ कामासाठी मन लावून वल्हवीत नव्हते, हेही मिटिलीनीचे नशीब. सेनापती हुकूम वाचून अंमलास लागणार, तोच दुसरे जहाज बंदरात शिरले.

एवढ्यावर आमच्यासारखा कोणीही टाळ्या पिटील. प्राध्यापकांनी पुढची ओळ वाचावयास सांगितली. बंडाचे पुढारी म्हणून धरलेले हजाराहून अधिक लोक तरीही ठार मारण्यात आले होते. आणि अकरा वर्षांनी, इ. स. पूर्व ४१६ मध्ये, मिलॉस नावाच्या लहानशा बेटावर तीच पाळी आली. त्या वेळी सभेस सकाळी पश्चात्ताप झाला नाही, आणि दुसरे जहाज निघाले नाही.

ह्यानंतर आमचे अर्थशास्त्रात लक्ष लागेना. विद्यार्थिमित्रहो, ज्या लोकांनी लोकसभा, नाटक, भूमिती इतके शोधून काढले, त्याच लोकांनी हात वर करून एक गाव मारावयाचे ठरविले, आणि त्यांच्यातल्याच एकाने ते काही न झाकता लिहून ठेवले. थ्यूसिडिडिस स्वतः अथेन्सचा सेनापती होता. पुढे त्यास शहराबाहेर काढण्यात आले. त्याने आपल्या शहराची निंदा केली नाही आणि स्तुतीही केली नाही. असे लिहिणे आम्ही त्यापूर्वी वाचले नव्हते. १९९१ च्या वसंतात मुख्य विषय लिहून देण्याचा कागद समोर आला तेव्हा आम्ही त्यावर 'प्राचीन ग्रीक व रोमन संस्कृती' असे लिहिले. कागद दिला, आणि मग अण्णांस पत्र लिहिण्यास पाच दिवस धीर झाला नाही.

अण्णांचे उत्तर आठ ओळींचे होते. ग्रीक लोकांचे ते राज्य आज आहे काय, रोमन बादशाही चालू आहे काय, नसल्यास पतपेढीचा हप्ता कोणत्या बादशहाने भरावयाचा, असे त्यांनी विचारले होते. शेवटी लिहिले होते: यापुढे पत्र पाठवू नये. त्यांनी रागाने लिहिले तरी प्रत्येक शब्द खरा होता. म्हणूनच त्यास उत्तर देता येईना. पुढे आठ महिने घरून जी पत्रे आली ती आईची, बहिणीच्या हातची. त्यांत "अण्णा बरे आहेत" एवढे एक वाक्य नेमाने असे.

त्या आठ महिन्यांत आम्ही लॅटिन शिकू लागलो. येथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण संस्कृतला कंटाळलेली मुले हे वाचीत असतील. पितृ शब्द आणि 'पातेर', मातृ आणि 'मातेर' हे जवळचे नातलग आहेत, हे वर्गातल्या अमेरिकन मुलांस शोध लागल्यासारखे वाटे. आम्हांस ते आठवीतच आपल्या शास्त्रीबुवांच्या छडीने कळले होते. लॅटिनमध्ये विभक्ती आहेत, पण द्विवचन नाही. ही बातमी समजताच आम्हांस जो आनंद झाला तो व्हर्जिलच्या सगळ्या काव्यानेही झाला नाही.

१९९१-९२ च्या हिवाळ्यात प्राध्यापकांनी वर्गात नुकतेच प्रसिद्ध झालेले एक संशोधन आणले. इंग्लंडच्या उत्तर भागात विंडोलांडा नावाची रोमन छावणी होती. बादशहा हेड्रियन याने इ. स. १२२ मध्ये बांधावयास घेतलेली प्रसिद्ध भिंत तिच्या जवळूनच जाते. छावणी भिंतीच्याही आधीची. तेथे १९७३ मध्ये रॉबिन बर्ली यांस ओल्या मातीत लाकडाच्या पातळ चकत्या सापडल्या. पोस्टकार्डाएवढ्या, जाडी एक ते तीन मिलिमीटर, आणि त्यांवर काजळीच्या शाईने लिहिलेली अक्षरे. चिखलात हवा शिरली नाही म्हणून लाकूड कुजले नव्हते. हवा लागताच अक्षरे फिकट झाली; मग अवरक्त किरणांनी छायाचित्रे घेऊन ती पुन्हा दिसू लागली. ॲलन बोमन व डेव्हिड टॉमस या विद्वानांनी ती वर्षानुवर्षे बसून वाचली. आता अशा चकत्या हजाराहून अधिक झाल्या आहेत.

ह्या चकत्यांवर राजेमहाराजांच्या गोष्टी नाहीत. एका अधिकाऱ्याची पत्नी क्लॉडिया सेव्हेरा आपल्या मैत्रिणीस ११ सप्टेंबरला वाढदिवसास येण्याचे आमंत्रण देते. मजकूर लेखनिकाच्या हातचा आहे, पण शेवटच्या ओळी तिने स्वतः लिहिल्या आहेत. स्त्रीच्या हातचे इतके जुने लॅटिन लेखन फारच थोडे सापडते. दुसऱ्या एका चकतीवर व्हर्जिलच्या 'ईनिड' काव्यातील एक ओळ कोणी गिरविली आहे, बहुधा सेनाधिकाऱ्याच्या घरातील मुलाने. तिच्यापुढे निराळ्या हाताने तीन अक्षरे लिहिली आहेत. ती "ढिलाईने लिहिले" अशा अर्थाच्या शब्दाची सुरुवात असावी, असे विद्वान मानतात. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा तो शेरा पाहून आम्हांस आपल्या शाळेतील शुद्धलेखनाच्या वह्या आठवल्या. मूल कोण हे कळत नाही, गुरुजी कोण हेही कळत नाही, पण शेरा शिल्लक आहे!

मग प्राध्यापकांनी पडद्यावर एक हजेरीपत्रक दाखविले. तुंग्रियन लोकांच्या पहिल्या पलटणीचे, १८ मे रोजी केलेले. एकूण माणसे ७५२, त्यांत शतपती ६. पैकी गैरहजर ४५६: सुभेदाराच्या पहाऱ्यावर ४६, कोरिया येथील ठाण्यावर ३३७, एक शतपती लंडनला, आणि असेच इतर. हजर २९६. त्यांपैकी आजारी १५, जखमी ६, डोळे आलेले १०. हे मिळून ३१. कामास योग्य अशी माणसे बाकी २६५.

वर्गात कोणी जांभई दिली. आमच्या अंगावर मात्र काटा आला. हे अक्षर निराळे, भाषा निराळी, पण हा कागद आम्ही ओळखत होतो. हा मालधक्क्यावरील संध्याकाळचा गोषवारा होता. एकूण, वजा, शिल्लक. शिलकीत पुन्हा खराब किती, आणि निव्वळ किती.

त्या रात्री आम्ही ते हजेरीपत्रक मराठीत उतरवून काढले. अण्णांच्या वहीत जसे रकाने असत तसे रकाने पट्टीने आखले, जमेची बाजू डावीकडे घेतली, ज्या ओळी पुसल्या होत्या तेथे 'वाचता येत नाही' असे लिहिले, आणि कागद लिफाफ्यात घालून मिरजेस पाठवून दिला. सोबत पत्र लिहिले नाही. पत्र पाठवू नये अशी आज्ञा होती. तक्ता पाठवू नये अशी नव्हती.

महिन्याभराने उत्तर आले. ते आम्ही अजून जपून ठेवले आहे. "चि. बाळ यास अनेक आशीर्वाद. तुझा तक्ता मिळाला. दोन्ही वजाबाक्या तपासल्या, बरोबर आहेत. गैरहजरांचा तपशील मात्र ४५६ भरत नाही. मधल्या ओळी पुसल्या म्हणतोस, तसे असेल. आजाऱ्यांत डोळ्यांचे १० निराळे दाखविले आहेत, हे त्या बाबूने चांगले केले. आमच्याकडे सिमेंटचा डबा आला की हमालांचे डोळे सुजतात, पण आमच्या नमुन्यात तो रकाना नाही. आजारी म्हणून सर्वांस एकत्रच लिहावे लागते, मग वर कोणास काय कळणार. तेथे धूळ होती की चुलीचा धूर होता? कळवावे. हप्ता चालू आहे, काळजी करू नये."

हे आम्ही प्राध्यापकांस इंग्रजीत करून वाचून दाखविले. त्यांनी पुन्हा एकदा वाचावयास लावले, आणि पुढील तासास "धूळ की धूर" हा प्रश्न वर्गास घातला. तुमचे वडील कोणत्या विद्यापीठात शिकवितात, असे एका मुलीने आम्हांस विचारले. मिरज जंक्शन, असे आम्ही सांगितले.

त्यानंतर पत्रे सुरू झाली. अण्णांस पेरिक्लिसची व्याख्याने नकोत, सॉक्रेटिसाचा खटलाही नको, इ. स. पूर्व ३९९ मध्ये पाचशेच्या आसपास पंचांनी त्या वृद्धास मृत्युदंड दिला हे आम्ही लिहिले, त्यावर त्यांनी एवढेच विचारले की, इतक्या पंचांची मते मोजली कोणी. त्यांस आवडला तो ऑक्टेव्हियस. हा विंडोलांडाच्या पत्रव्यवहारातील एक मालाचा व्यवहार करणारा. तो कँडिडस नावाच्या आपल्या भावास लिहितो की, मी सुमारे ५,००० मोडियस धान्याची कणसे खरेदी केली आहेत, तरी निदान ५०० दिनार पाठव. नाही तर विसार म्हणून दिलेले ३०० दिनार बुडतील आणि माझी शोभा होईल. मोडियस म्हणजे पावणेनऊ लिटरांच्या आसपासचे माप. आणखी तो लिहितो की, कॅटरॅक्टोनियम येथे पडलेली कातडी आपण आतापर्यंत आणलीही असती. पण रस्ते खराब आहेत आणि जनावरांचे हाल करण्याची इच्छा नाही. अण्णांचा अभिप्राय असा आला: "मनुष्य खरा दिसतो. रस्त्याची सबब सगळेच सांगतात, पण जनावरांचे नाव कोणी काढीत नाही. पैसे पोहोचले का?" पुढे प्रत्येक पत्राच्या अखेरीस हा प्रश्न असे. कँडिडसचे उत्तर सापडलेले नाही, असे आम्ही लिहीत असू. सापडल्यास कळवावे, असे अण्णा लिहीत.

खराब रस्त्यांवरून आठवले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. तीत पैठण आहे आणि तगर म्हणजे आपले तेर आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तगर पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून साधे कापड व मलमल ही गाड्यांत भरून, रस्ते नाहीत अशा मुलुखातून भडोचला जात. हे वाचून अण्णांनी तीस दिवसांच्या गाडीभाड्याचा व बैलांच्या चाऱ्याचा हिशेब करून पाठविला होता. तो आमच्या प्राध्यापकांस पटला नाही, पण अण्णांनी तो मागे घेतला नाही.

दुसऱ्या एका प्रसंगाने आमचीच मान खाली गेली. आठवीत असताना शाळेची सहल कोल्हापुरास गेली होती. टाउन हॉलमधील संग्रहालयात गुरुजींनी आम्हांस फिरविले. आमचे लक्ष बाहेरच्या भेळेच्या गाडीवर होते. आठ-नऊ वर्षांनी, हजारो मैलांवर, रोमच्या समुद्रपार व्यापाराविषयी बोलताना प्राध्यापकांनी पोसायडन ह्या ग्रीक समुद्रदेवाच्या एका लहानशा कांस्यमूर्तीचे चित्र दाखविले. ही मूर्ती पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी येथे १९४४-४५ च्या सुमारास सापडली, आणि ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे, असे त्यांनी सांगितले. मिरजेपासून कोल्हापूर अवघे पन्नास किलोमीटर. आपण ती पाहिली असेलच, असे ते आमच्याकडे वळून म्हणाले. आम्ही हो म्हणालो. ते अर्धसत्य होते. आम्ही तिच्यासमोरून गेलो होतो.

वसतिगृहात एक बंगाली मित्र होता. तो नेहमी टोचून विचारी की, साहेबाच्या पूर्वजांची पूजा करण्यास इतक्या लांब का आलास. आपले काय थोडे आहे? हा प्रश्न सोपा नाही. ह्या ग्रीक-रोमन विद्येच्या जोरावर युरोपातील लोकांनी पुष्कळ गर्व केला, आणि इतरांस रानटी ठरविले, हे खरे आहे. अथेन्सच्या सभेत स्त्रीस हात वर करता येत नव्हता, गुलामास येत नव्हता. लॉरियनच्या खाणीत चांदी काढणाऱ्या गुलामांच्या श्रमांतून अथेन्सने जहाजे बांधली, हेही खरे. हे सारे आम्हांस त्याच वर्गात शिकविले गेले, एवढेच आम्ही मित्रास सांगू शकलो. आणखी एक गोष्ट त्या वेळी सांगता आली नाही, कारण ती परत आल्यावर घडली. कार्ल्याच्या लेण्यातील खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत, आणि त्यांत कित्येक आपणांस यवन म्हणवितात. परदेशी जाण्यापूर्वी आम्ही ती लेणी दोनदा पाहिली होती. खांबांवर कोणाची नावे आहेत हे विचारण्याचे सुचले नव्हते.

आता पालकांसाठी नीट हिशेब देतो, कारण तो लपविणे बरे नव्हे. १९९३ मध्ये आम्ही पदवी घेऊन परत आलो. एका बँकेच्या मुलाखतीत समितीतील एका गृहस्थांनी विचारले की, ज्यूलियस सीझरच्या आमच्या शाखेत काही ठेवी आहेत काय. सगळे हसले, आम्हीही हसलो. ती नोकरी मिळाली नाही. दीड वर्ष काम मिळाले नाही. मग पुण्यातील एका रात्रीच्या महाविद्यालयात इतिहास शिकवू लागलो. आमचा पहिला पगार अण्णांच्या शेवटच्या पगाराच्या निम्माही नव्हता. अण्णा १९९५ मध्ये निवृत्त झाले आणि पतपेढीचे राहिलेले कर्ज त्यांनी आपल्या फंडातून फेडले. बहिणीचे लग्न दोन वर्षे लांबले. तिने ते कधी बोलून दाखविले नाही, आणि तिचे पैसे आम्ही पुढे परत केले तरी ती दोन वर्षे परत करता आली नाहीत. अण्णांची भीती खरी ठरली होती. आज आम्हांस शिकवून बरीच वर्षे झाली, जेवणाखाणाची ददात नाही, आणि ह्या विद्येचा आम्हांस पश्चात्ताप वाटलेला नाही. परंतु तिची किंमत आम्ही एकट्याने दिली असे कोणी समजू नये.

निवृत्तीनंतर अण्णांनी आमच्याकडून विंडोलांडाची आणखी पत्रके मागविली. त्यांनी ती एका जुन्या मालवहीत स्वच्छ उतरवून काढली आणि प्रत्येक बेरजेखाली लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली. जेथे बेरीज जमत नसे तेथे खूण नसे, फक्त एक बारीक प्रश्नचिन्ह.

२००८ च्या पावसाळ्यात आम्ही त्यांस भेटण्यास एस. टी.ने गेलो. गाडीस चार तास उशीर झाला. अण्णांस तेव्हा दिसेनासे झाले होते, पण पावलांच्या आवाजावरून त्यांनी आम्हांस ओळखले.

"रस्ता कसा होता?" त्यांनी विचारले.

"फार खराब, अण्णा. जागोजाग खड्डे."

"मग कातडी अजून तिकडेच पडली असतील," अण्णा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "त्या भावाचे काही उत्तर?"

"अजून सापडलेले नाही."

"बरे. पाऊस थांबू दे," म्हणून त्यांनी आईस आमच्यासाठी चहा टाकावयास सांगितले.